तळहाताखालच्या ओळी

सकाळी सव्वानऊला विनोदिनीताई लायब्ररीचं कुलूप काढायची, वाचनकक्षातले दोनच पंखे लावायची आणि एक नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसायची. मेल उघडताना ती उजवा तळहात स्क्रीनवर आडवा धरायची. मग तो हळूहळू खाली सरकवायची, एका वेळी एक ओळ उघडी पडेल एवढाच. दहावीचा निकाल असा बघणारी मुलं मी पाहिली होती. पन्नाशीला टेकलेली बाई रोज सकाळी कसला निकाल बघते, हे मला बरेच दिवस कळलं नाही. शेवटची ओळ वाचून झाली की ती ते मेल काढून टाकायची, तळहात पदराला पुसायची आणि मग उरलेले पंखे लावायला उठायची.

मी एकदा विचारलंही.

"जनेलातून उजेड येता गो," ती म्हणाली. "अक्षरं दिसत नाहीत."

खिडकीला ती जनेल म्हणायची आणि खुर्चीला कदेल. पण ती खिडकी उत्तरेला होती, आणि सकाळी तिथून उजेड यायचा तो फणसाच्या झाडातून गाळून, हिरवट, एखाद्या विहिरीत असावा तसा.

डिचोलीच्या त्या कॉलेजात ती एकवीस वर्षं ग्रंथालय साहाय्यक होती. माहेर पेडण्याकडचं, तुये. सासर पाळी. पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आहे ते तिला यादी न बघता आठवायचं. कोण मुलगा कुठलं पुस्तक कसं परत करील हेही. फुगून आलेलं पुस्तक ती दोन बोटांनी उचलायची आणि मुलाला शांतपणे विचारायची, "बाबा, वाचलं की ह्याच्यावर पापड लाटले?" खिडकीजवळच्या खुर्चीचा एक पाय सैल होता. तिने तो काथ्याने बांधला होता, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती त्या खुर्चीबद्दल बजावायची. मी एम. ए.च्या प्रबंधासाठी बायका ओळीने नाचत म्हणतात त्या धालोच्या गाण्यांवरचे लेख शोधायला तिथे जायला लागले तेव्हा मलाही पहिल्या दिवशी तेच ऐकवलं होतं.

तिचा नवरा रघुनाथ. खाणीवर जिथे माती चाळली जायची त्या यंत्रावर त्याने सतरा वर्षं काढली. त्या वर्षांत दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत तांबूस व्हायचे, असं ती सांगायची. खाण बंद पडली आणि तो घरामागच्या कुळागरात, सुपारी-केळीच्या बागेत रमला. दुपारी जेवायला निघाला की बागेच्या टोकावरून लांब शीळ घालायचा. शीळ ऐकली की ही ताटं घ्यायची. गेल्या पावसाळ्यात कधीतरी ती शीळ बंद झाली. त्याऐवजी तो रिकामी बादली काठीने वाजवायला लागला.

"मला वाटलं, माणूस म्हातारा झाला, लाजायला लागला," ती नंतर म्हणाली. "दोन महिने बादली ऐकत ताटं घेतली मी."

मग खोकला आला. मग बांबोळीचं मोठं हॉस्पिटल, छातीचे फोटो, मशीनमधले फोटो. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने सांगितलं की फुफ्फुसात वण पडलेत. धुळीने असेल, दुसऱ्याही कशाने असेल. हे दुखणं पुष्कळ प्रकारचं असतं. काही प्रकार आहेत तिथेच थांबतात, काही पसरत जातात. दुर्बीण घालून छोटासा तुकडा काढून बघितल्याशिवाय कुठला प्रकार ते सांगता येणार नाही, आणि ते कळल्याशिवाय औषध देता येणार नाही. उशीर करू नका.

रघुनाथ म्हणाला, "देवाक विचारून येतां."

गावात मोठं काही करायचं तर कौल घेतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, भटजींनी प्रश्न देवापुढे मांडायचा. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. घर बांधताना त्यांनी असंच विचारलं होतं, मुलीचं लग्न ठरवतानाही. त्या सोमवारी रघुनाथ देवळातून परत आला, चपला काढल्या आणि सांगितलं, "डावी पडली." विषय संपला. तपासणीचा कागद कपाटात गेला. देवाने नको म्हटल्यावर हट्ट धरायचा नसतो, हे विनोदिनीताईला लहानपणापासून माहीत होतं.

त्याच आठवड्यात लायब्ररीत ग्रंथपाल सिद्धेश सरांनी आम्हा मुलांसाठी एक तास घेतला. डेटाबेसमध्ये रोज रोज जाऊन शोधायची गरज नाही, अलर्ट लावून ठेवा, असं ते शिकवत होते. आपल्या विषयाचे शब्द लिहायचे. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरणचिन्हांत घालायचे. फार लेख आले तर आणखी एक शब्द जोडून यादी बारीक करायची. मग घंटेच्या चित्रावर क्लिक करायचं आणि रोज हवं, आठवड्याला हवं की महिन्याला, ते निवडायचं. त्यानंतर जगात कुठेही त्या विषयावर काही छापलं की यंत्र स्वतःहून मेल पाठवतं.

विनोदिनीताई हजेरी घेण्यासाठी मागे बसली होती. तिने हात वर केला. "सर, आणि काहीच आलं नाही तर?"

"तर नवीन काही घडलं नाही असं समजायचं, ताई."

मुलं हसली. तिने ते वाक्य हजेरीच्या कागदाच्या मागे लिहून घेतलेलं मी पाहिलं.

तिने फाइलीवरचं दुखण्याचं नाव अक्षर अक्षर बघून टाइप केलं. पहिल्या दिवशी शेकडो लेख आले. यादी बारीक करायला तिने आणखी एक शब्द जोडला. कुठला जोडायचा ह्याचा तिला विचार करावा लागला नसणार. इंग्रजीतला जगण्याचा शब्द. किती जण जगले, किती वर्षं.

आणि यंत्राने तिचं अगदी इमानाने ऐकलं. रोज सकाळी तेच पाठवलं. कुठल्या देशात किती जणांना तपासलं, तीन वर्षांनी त्यांतले किती होते, पाच वर्षांनी किती. उपचारांवरचे लेख त्या यादीत क्वचितच यायचे, कारण तिने ते मागितलेच नव्हते. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, पण आकडा कुठल्याही भाषेत आकडाच असतो.

एका सकाळी तिने माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "मिडियन म्हणजे काय गो? सरासरी?"

मी माझ्या गाण्यांत बुडालेली. "नाही, मधला आकडा. निम्मे त्याच्या आधी, निम्मे त्याच्या नंतर."

"नंतरचे निम्मे किती नंतर?"

"ते काय सांगता येतं होय, ताई."

तिने टेबलावरची धूळ हाताने पुसली आणि गेली. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तिची भीती आवाज करणारी नव्हती. ती मोजायची. रघुनाथ अंगणातून पायरीवर येईपर्यंत किती श्वास घेतो. जेवताना दोन घासांमध्ये किती थांबतो. कुळागरातून बादलीचा आवाज रोजच्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा आला की तिच्या हातातला डाव तसाच राहायचा. कामावर असताना घरून फोन आला की नाव न बघता ती आधी भिंतीला पाठ टेकायची. मग फोन घ्यायची. बहुतेक वेळा तो विचारत असायचा, "मीठ खंय आसा?"

एक अडचण होती. तिच्या स्वतःच्या फोनवर मेल नव्हतं. तो फोन संध्याकाळी रघुनाथच्याच हातात असायचा, भजनं ऐकायला. म्हणून अलर्ट तिने लायब्ररीच्या मेलवर लावला होता. आमच्या लायब्ररीची एक पद्धत होती. प्राध्यापक आपली मेलं उघडत नाहीत, म्हणून सगळ्यांचे अलर्ट लायब्ररीच्या मेलवरच यायचे. दर सोमवारी दहा वाजता सिद्धेश सर येऊन त्यांच्या याद्या छापायचे, अलर्टला दिलेलं मागणाऱ्याचं नाव वर टाकायचे आणि जिन्याच्या वळणावरच्या बोर्डावर टाचणीने लावायचे. येता-जाता वाचतील तरी, असं ते म्हणायचे. सर दहाला यायचे. ती सव्वानऊला. मधल्या पाऊण तासात ती आपलं मेल वाचून पुसून टाकायची. इतके महिने एकदाही चुकली नव्हती.

जानेवारीत तुयेला तिच्या भाचीचा, सिद्धीचा साखरपुडा होता. सोमवारीच. भावाला हाताशी माणूस हवं म्हणून ती पहिल्या बसने गेली. भेट द्यायचा मिक्सर तिने शनिवारी डिचोलीच्या बाजारात घेऊन लायब्ररीच्या कपाटात ठेवला होता. रघुनाथने गुरांचं आटपून स्कूटरवरून यायचं, वाटेत मिक्सर उचलायचा आणि जेवणापर्यंत तुयेला पोचायचं, असं ठरलं होतं.

साडेदहाला माझा फोन वाजला. मागे बायकांचा गलका होता, भांड्यांचा आवाज होता.

"गो, सर इले?"

"आले की."

"बोर्डार कागद लागले?"

"आत्ताच लावून आले. का हो?"

मागचा गलका दूर गेला, दार लोटल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "माझ्या नावाचा एक असेल. तो काढ. वाचू नको. काढ आणि फाड. ते येतले थंय. आत्ताच येतले."

मी धावले. दारातून बाहेर आले आणि थांबले.

जिन्याच्या वळणावर रघुनाथकाका उभे होते. एक हात कठड्यावर. लायब्ररी पहिल्या मजल्यावर आहे, आणि त्यांचा दम नेमका त्या वळणावर संपला होता. माणूस दम घ्यायला थांबला की समोर जे असेल ते बघतो. समोर बोर्ड होता.

इंग्रजी ते फारसं वाचायचे नाहीत. पण दुखण्याचं ते लांबलचक नाव त्यांनी आपल्या फाइलीवर इतक्या वेळा बघितलं होतं की ते त्यांना चेहऱ्यासारखं ओळखता येत होतं. त्याच्या वर मराठीत लिहिलं होतं: विनंती – विनोदिनी मळीक. त्यांचं बोट त्या दोन ओळींमध्ये खालीवर फिरत होतं.

"बाय," ते मला म्हणाले. "हें माझें दुखणें. वाचून दाखय."

माझ्या हातातल्या फोनवर ती अजून होती. मी फोन तसाच ओढणीत धरला. कागदावर सात लेखांची नावं होती. मी पहिल्याचं वाचलं. ते म्हणाले, मराठीत सांग. मी सांगितलं, शक्य तितकं मऊ करून. ह्या आजाराचे लोक किती वर्षं राहतात, ते मोजलंय.

"आनी दुसरो?"

दुसराही तेच. तिसराही.

"सगळे तेंच कित्याक?"

"यंत्र आहे ते, काका. जे विचारलं तेवढंच पाठवतं."

त्यांनी थोडा वेळ श्वास घेतला. श्वासाबरोबर एक बारीक आवाज यायचा, कोरड्या पानांवरून कुणी चालल्यासारखा. "म्हणजे ती हेंच विचारता," ते म्हणाले. "सदांच."

मी म्हणाले, "काका, हे दुसऱ्या देशातल्या लोकांचे आकडे आहेत. ह्याचे प्रकार पुष्कळ दिसतात. तुमचा कुठला ते तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही." हे खरंच होतं. तरी सांगताना माझा आवाज खोटं बोलल्यासारखा आला.

त्यांनी दोन्ही टाचण्या काढून बोर्डाच्या कडेला नीट टोचून ठेवल्या, कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. मिक्सर मी खाली नेऊन स्कूटरवर ठेवला. त्यांनी तो उचलू दिला, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

पुढचं सगळं तिने मला सांगितलेलं.

तुयेला तो जेवणाच्या पंगतीत बसला, भाज्यांचं खतखतं मागून घेतलं, व्याह्यांशी हसला, भाचीची थट्टा केली. "ह्या मिक्सरात सासूक घालू नको गो, वॉरंटी जाता." सगळे हसले. विनोदिनीताई वाढत होती, आणि तिचं लक्ष फक्त त्याच्या खिशाकडे होतं. मी तिला फोनवर सांगून टाकलं होतं. खिशात कागदाची पांढरी कड दिसत होती. हातातली सोलकढी दोनदा सांडली तेव्हा भाऊ म्हणाला, "साखरपुडो चेडवाचो, थरथरता आत्या!"

परतताना ती स्कूटरवर मागे बसली. कोलवाळचा पूल मागे पडला. तिचा हात नेहमीसारखा त्याच्या छातीवरून पुढे आलेला. प्रत्येक खड्ड्याला तळहाताखाली कागद वाजायचा. तिला हात काढून घ्यायचा होता, पण काढला तर त्याला कळेल म्हणून काढता येत नव्हता.

अस्नोड्याला एका गाड्यावर त्याने स्कूटर थांबवली. दोन चहा सांगितले, दोन भाजी-पाव. पावाचा तुकडा मोडून हातातच धरून बसला.

"किती वर्सां सांगली तुझ्या मशिनान?"

"मशीन तुमचें सांगना," ती म्हणाली. "लोकांचें सांगता."

"आनी तूं लोकांचीं वर्सां मोजत बसलें. माका एक उतर सांगूंक ना." एक शब्दही तिने सांगितला नव्हता.

तेव्हा तिला त्याचा राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "देवान नाका म्हटलें ना? मगे कोणाक विचारूं हांव? रस्त्यार उभी रावून विचारूं?"

त्याने पाव बशीत ठेवला. गाड्यावरचा माणूस तेलात मिरच्या सोडत होता. रघुनाथ त्या तेलाकडे बघत म्हणाला, "देवाक हांवें विचारूंकच ना गो."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग त्याने सांगितलं. त्या सोमवारी तो देवळापर्यंत गेला होता. पायऱ्यांवर बसला. भटजींनी आतून हाकही मारली, ये, पाकळ्या लावल्यात. त्याला उठता येईना. पाय नव्हे, काहीतरी दुसरंच उठत नव्हतं. तो तासभर तिथे बसला आणि घरी येऊन म्हणाला, डावी पडली. कौल लागलाच नव्हता. कुठलीच पाकळी पडली नव्हती.

"उजवी पडली आसती," तो म्हणाला, "जाल्यार वचचें पडलें आसतें."

पडली असती तर जावं लागलं असतं. देवाच्या नावाने खोटं बोलल्यापासून तो एकदाही त्या देवळात गेला नव्हता. सोमवारी आरतीची घंटा ऐकू आली की कुळागराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचा. तिला वाटायचं, पाणी सोडायला गेला.

तिने आपला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. शेवटी ती म्हणाली, "सगळे म्हयने त्या देवाचेर राग धरून बसलें हांव. दिवो लावताना सुद्धा तोंड फिरयलें. आता ताका कितें सांगूं?"

"सांग घोव फटकिरो आसा म्हूण."

घोव म्हणजे नवरा, फटकिरो म्हणजे खोटारडा. ती हसली, आणि हसता हसता तिला एवढा मोठा हुंदका आला की गाड्यावरच्या माणसाने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्याने खिशातला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "हें बंद कर."

"ना."

"मगे दुसरें उतर घाल. हें सोडून खंयचेंय घाल."

घरी जाताना ते देवळापाशी थांबले. आत गेले नाहीत. आता विचारायचं काही उरलं नव्हतं, फक्त सांगायचं होतं. ते त्याने पायरीवरूनच सांगितलं. काय सांगितलं ते तिने ऐकलं नाही, किंवा मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी बांबोळीला फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली.

मंगळवारी सकाळी मी सव्वानऊलाच लायब्ररीत गेले. आम्ही दोघींनी मिळून तो अलर्ट उघडला. तो जुना शब्द तिने एक एक अक्षर मागे जात पुसला, आणि त्या जागी उपचाराचा शब्द लिहिताना तिचं बोट प्रत्येक कळीवर थांबत होतं. बुधवारी पहिलं मेल आलं. मला वाटलं होतं, आता ती सरळ वाचेल. तिने तळहात स्क्रीनवर ठेवला. ओळ ओळ करत खाली आणला, पहिल्यासारखाच. फक्त ह्या वेळी शेवटच्या ओळीनंतर तिने मेल पुसलं नाही. दोन लेखांची नावं एका चिठ्ठीवर उतरवली, डॉक्टरला दाखवायला, आणि चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली.

गुरुवारी तपासणी झाली. पंधरा दिवसांनी प्रकार कळला. पसरणाराच आहे, पण हळू. औषध सुरू झालंय, सकाळ-संध्याकाळ. त्याने वेग किती कमी होतो ते चतुर्थीच्या आसपास कळेल, असं डॉक्टर म्हणतो. ती तेव्हापासून रजेवर आहे. आमचं बोलणं फोनवर होतं, आणि ते सगळं आकड्यांचं असतं: फुंकरीच्या तपासणीत किती आलं, बोटाला लावायच्या यंत्रात किती. बादली अजून वेळेवर वाजते का हे मी विचारत नाही. फोनमध्ये मागे कधीतरी तो आवाज येतो, तेव्हा आम्ही दोघी तो थांबेपर्यंत बोलत नाही.

त्या बुधवारी, तपासणीच्या आदल्या दिवशी, साडेचारला ती निघाली तेव्हा दुसऱ्या दिवशीची पिशवी तिच्या हातात होती. फाइल, टॉवेल, थर्मास. मी जिन्यापर्यंत गेले. बोर्डाच्या वळणावर ती थांबली. टाचण्या अजून कडेला टोचलेल्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग वर माझ्याकडे.

"त्या जनेलाकडल्या कदेलार बसू नको गो," ती म्हणाली. "काथो सुटला ताचो."